हवालदारांचा बायोडेटा

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरी फौजी माणूस कायमचा परत येतो. जवान असो की हवालदार, पेन्शन सुरू होते तेव्हा त्याचं वय बहुधा पस्तीस-चाळीसच्या आसपास असतं. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं आणि कामाची वीस वर्षं अजून पुढे असतात. मग तो झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बायोडेटा टाइप करून घेतो. नाव, जन्मतारीख, शिक्षण बारावी. अनुभवाच्या रकान्यात एकच ओळ: 'भारतीय सैन्य, 17 वर्षे, हवालदार.' हा कागद घेऊन तो चाकणच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात जातो आणि त्याला सांगतात, सिक्युरिटीत जागा आहे, उद्यापासून या.

सिक्युरिटीचं काम हलकं नाही, आवडीनं करणारे पुष्कळ आहेत. मला वाईट वाटतं ते याचं, की त्या एका ओळीमुळे माणसाला दुसरं काही विचारलंच जात नाही.

आज मी एकाच पदाबद्दल जरा सविस्तर बोलणार आहे. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. पलटणीतल्या एका कंपनीत साधारण सव्वाशे माणसं. त्यांचं रेशन, कपडे, अंथरूण-पांघरूण, तंबू, भांडीकुंडी या सगळ्याची मागणी करायची, आलेला माल मोजून घ्यायचा, वाटायचा, लेजरमध्ये चढवायचा, खराब झालेला रीतसर बाद करायचा. बदली झाली की एकेक वस्तू मोजून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, आणि कमी निघाली तर उत्तरही आपणच द्यायचं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये, मोठ्या गोदामात, हॉस्पिटलच्या भांडारात हेच काम चालतं. तिथे त्याला स्टोअरकीपर किंवा इन्व्हेंटरी सुपरवायझर म्हणतात, एवढंच. पण भरती करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यानं पलटण पाहिलेली नसते. 'सीक्यूएमएच' ही अक्षरं वाचून त्याला काय कळणार?

म्हणून हवालदारसाहेब, हुद्दा एकदाच लिहा आणि त्याखाली काम लिहा. 'सुमारे 120 जणांच्या तुकडीचं रेशन व साहित्य: मागणी, साठा, वाटप आणि हिशेब.' 'वार्षिक तपासणीसाठी पूर्ण साठ्याची मोजणी आणि नोंदींचा मेळ.' 'हाताखाली चार जण.' आकडे तुमचे, खरे घाला. जिथे आकडा आठवत नाही तिथे घालू नका, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि युनिटची ठिकाणं, कारवाया, शस्त्रांचा तपशील यातलं काहीही कागदावर येता कामा नये. तुमच्या कामाची किंमत त्याच्याशिवायही कळते.

जाहिरात समोर ठेवून लिहा, हे त्याहून महत्त्वाचं. स्टोअरची जागा असेल तर हिशेब वर, शाळेच्या वसतिगृहाची जागा असेल तर माणसं सांभाळल्याचा अनुभव वर. माणूस तोच, सैन्यातली नोकरी तीच, पण वाचणारा वेगळा. एकच कागद वीस ठिकाणी वाटण्यापेक्षा तीन ठिकाणांसाठी तीन कागद करा. फोटो, वडिलांचं नाव, छंद यांत जागा घालवू नका.

ज्याचं ट्रेड ड्रायव्हरचं आहे, त्यानं अवजड वाहनाचा नागरी परवाना हातात असल्याचं पहिल्या चार ओळींत सांगावं. कॉम्प्युटरवर साठ्याच्या नोंदी ठेवता येत नसतील तर येतात असं लिहू नये. त्यापेक्षा तो कोर्स करून घ्यावा. सेवेच्या शेवटच्या टप्प्यात संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत असे कोर्स मिळतात, ती संधी घरच्या सुट्टीसाठी सोडू नये. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायचं तर प्रत्येकानंच.

शिक्षणाच्या रकान्याला अनेक जण घाबरतात. दहावी झालेल्या आणि 15 वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या अनेक जागांसाठी पदवीच्या बरोबरीचं धरण्याची तरतूद आहे. त्याचं सैन्याचं प्रमाणपत्र असतं. ते ट्रंकेत ठेवू नका, प्रत अर्जाला जोडा. खासगी कंपनीला ते मान्य करण्याचं बंधन नाही, तरी तिथेही त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

कागद लिहिताना मुलगी किंवा पुतण्या मदतीला बसतो. त्यांना माझी विनंती आहे: बाबांना 'काय लिहू' असं विचारू नका. 'सकाळी उठल्यापासून काय काय करायचात' असं विचारा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. शिस्त, प्रामाणिकपणा, कष्टाळूपणा हे शब्द प्रत्येक बायोडेटात असतात, त्यांच्यावर कुणी थांबत नाही. बर्फानं रस्ता बंद असताना महिनाभराचं रेशन कसं पुरवलं, हे दोन ओळींत असेल तर वाचणारा थांबतो.

आणि कारखान्यांत अर्ज चाळणाऱ्यांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. अनुभवात सैन्य दिसलं की कागद सिक्युरिटीच्या गठ्ठ्यात टाकू नका. माणसाला आत बोलवा आणि विचारा, चार्ज देताना माल कमी निघाला होता का, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?