लेकीचा वाटा



बीड जिल्ह्यातल्या गावात बाप वारला, दिवसकार्य उरकले, की तलाठ्याकडे वारसांची नोंद होते. सातबाऱ्यावर भावांच्या जोडीला बहिणींचीही नावे लागतात. मग सासरी निरोप जातो. बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर येऊन बसते, मुद्रांकावरचा मजकूर कुणीतरी भराभर वाचून दाखवतो, ती सही करते किंवा अंगठा उठवते. हक्कसोडपत्र झाले. बदल्यात बहुधा साडीचोळी, आणि माहेर तुटणार नाही हा भरवसा.

या बाईच्या हक्काचा वाद नऊशे वर्षांचा आहे आणि तो मराठवाड्याच्या शेजारीच लिहिला गेला. कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. सहावा विक्रमादित्य तिथे १०७६ ते ११२६ राज्य करत होता. त्याच्याच काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलगा जन्मताच वडिलार्जित मालमत्तेचा वाटेकरी होतो, हे तिचे मुख्य सूत्र. बंगालच्या जीमूतवाहनाने ‘दायभागा’त याच्या नेमके उलट मांडले: बाप हयात आहे तोवर मुलाचा हक्क नाही. बंगाल-आसाम त्याच्या मागे गेले, उरलेला बहुतेक देश विज्ञानेश्वराच्या.

विज्ञानेश्वराला सरसकट दोषी धरणे मात्र अन्यायाचे होईल. वारशाने, खरेदीने, वाटणीने बाईच्या हाती आलेले सगळे त्याने स्त्रीधनात धरले होते. ही उदार व्याख्या आखडली ती इंग्रजी अमदानीत, प्रिव्ही कौन्सिलच्या निवाड्यांनी. पण जन्माने मिळणारा हक्क त्याने मुलग्यांपुरताच ठेवला आणि लेक त्या चौकटीबाहेर राहिली.

सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. तिथे हिंदू कुटुंबाच्या शेजारच्या मुसलमान कुटुंबाचा धार्मिक कायदा वेगळा होता. शरियतप्रमाणे लेकीचा वाटा ठरलेला, भावाच्या निम्मा. आणि वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता बाहेर देता येत नाही. म्हणजे निम्मा का होईना, तिचा हिस्सा पूर्णपणे बापाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. ही तरतूद सातव्या शतकातली आहे, हे विसरू नये.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला बापाच्या हिश्श्यात वारस केले, सहदायाद, म्हणजे जन्मतःच वाटेकरी, केले नाही. महाराष्ट्राने ते पाऊल १९९४ साली उचलले, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. तरी त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा का, यावर कोर्टांत वर्षानुवर्षे खल चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: नको. लेकीचा हक्क जन्माचा आहे. विज्ञानेश्वराचे सूत्र कायम राहिले. फक्त त्यात ती आली.

कायद्याइतकी समजूत बदललेली नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्याची कारणे अनेक आहेत. तरीही लेक म्हणजे परक्याचे धन, ही समजूत त्या आकड्याच्या मुळाशी आहे आणि हक्कसोडपत्राच्याही.

स्वखुशीने हक्क सोडायला कायद्याची मनाई नाही. भावाच्या ओढीने सोडणाऱ्या बहिणी खरोखर आहेत, त्यांचा मान राखावा. पण १८७२ च्या करार कायद्यापासून संमती मोकळी असावी लागते, आणि काय सोडतो आहोत हेच ठाऊक नसेल तर ती संमती कसली? म्हणून बहिणींनो, कागद घरी आणा, जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, गट नंबर आणि क्षेत्र पाहा, मगच सही करा. भावांनीही घाई करू नये. सल्ला हवा असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने तिथे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.