बुडालेली मोटर

आजचा विषय छोटा आहे: पाणी शिरलेली बोटीची विजेची मोटर. मी राहतो चेन्नईत, वेलाचेरीला. बाजूला पळ्ळिकरणैची दलदल, त्यामुळे इथं बोट ही हौसेची वस्तू राहत नाही. डिसेंबर 2015 मध्ये तांबरमला एका दिवसात सुमारे 490 मिलिमीटर पाऊस झाला, अड्यार नदी वस्त्यांत शिरली. लष्कर होतं, एनडीआरएफ होतं, आणि मच्छीमारही आपापल्या होड्या घेऊन आले होते. त्यानंतर आमच्या सोसायटीनं चार माणसांची हवेची बोट आणि 12 व्होल्टची ट्रोलिंग मोटर घेतली.

डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळात ती दोन दिवस चालली. वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना तिनंच बाहेर काढलं. मग ती घरघरली आणि थांबली. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन घ्या. माझी नोकरी ईएमईमध्ये गेली. ‘नवीन घ्या’ हे उत्तर आम्हाला पचत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही मोटर पाण्यातच असते, मग पाण्यानं बिघडते कशी? खालचा नळकांडीसारखा भाग बंद असतो. पंख्याचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथं रबराचं सील असतं. पंखा काढला तर मागे नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळलेला. पुराच्या पाण्यात काय नसतं! त्या दोऱ्यानं सील कापलं होतं. मासेमारीच्या तंगुसानंही हेच होतं, म्हणून पंख्यामागे अधूनमधून बघत जा.

बॅटरी आधी सोडवायची. खोलण्यापूर्वी कवचाच्या जोडावर पेनानं रेघ मारायची, म्हणजे परत बसवताना चुकत नाही. दोन लांब बोल्ट काढले, तर आतून कॉफीच्या रंगाचं पाणी आलं. मग मी आतला भाग स्वच्छ गोड्या पाण्यानं धुतला. लोक इथं दचकतात. पण चिखल आणि क्षार आत राहिले तर वाळल्यावरही तांबं खात राहतात. धुऊन तीन दिवस सावलीत, पंख्याखाली. हीटर नको, चुंबकं चिकटवलेली असतात.

मग मल्टिमीटर. कॉम्युटेटर आणि दांडा यांच्यात जोड दिसता कामा नये; दिसला तर वाइंडिंग गेलं. आमचं वाचलं होतं. कार्बन ब्रशच्या स्प्रिंगा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं साफ केला. एमरी नको, तिचे कण वीज वाहून नेऊ शकतात. पट्ट्यांमधल्या खाचा टूथपिकनं कोरल्या. वरच्या डोक्यातला स्विच नुसता घासून चालला. तिथं इलेक्ट्रॉनिक बोर्ड असता आणि तो काळा पडला असता, तर मीही नवीनच घ्या म्हटलं असतं.

सील पुदुपेटच्या बाजारात मिळालं. नाव सांगावं लागत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढं पुरतं. त्याची ओठासारखी कड पाण्याच्या बाजूला ठेवून, ग्रीस लावून बसवलं. मोटर रात्रभर पिंपात बुडवून ठेवली आणि सकाळी पुन्हा मीटर लावला. आत ओल नव्हती. मगच बॅटरी जोडली, तीही ब्रेकरमधून.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीनं बदलत नाही. आमच्या मोटरचा रेटा 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. साचलेल्या पाण्यात गल्लीतून जायला ती चांगली; वाहत्या नदीत तिला कोणी घालू नये. आणि बोटीवर लिहिलेली माणसं म्हणजे तेवढीच माणसं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी बोट उलटली, ते आपल्याकडच्या लोकांना मी सांगायला नको.

मोटर आता तळघरात नाही, पहिल्या मजल्यावर असते. सोबत पिशवीत एक जादा सील आणि पंख्याच्या दोन पिना. ऑक्टोबरात, ईशान्य मान्सूनच्या आधी, मी ती पिंपात पंधरा मिनिटं चालवतो. वॉचमन वैतागतो, सगळ्या पार्किंगमध्ये पाणी उडतं.