विमानातील कागद



चार आसनांचे चिमुकले विमान परदेशी निघाले, तरी वैमानिकाजवळ कागदांची पिशवी असावीच लागते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोस झालेल्या कराराच्या २९ व्या कलमाने ती ठरविली आहे: विमानाचे नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचा दाखला, वैमानिकाचा परवाना, प्रवासाची नोंदवही, रेडिओ असल्यास त्याचा परवाना, उतारू असल्यास त्यांची यादी, माल असल्यास त्याचा तपशील.

यांत मोलाचा उड्डाणयोग्यतेचा दाखला. बैलगाडीचा आख मोडला तर गाडी रस्त्यात उभी राहते. आकाशात उभे राहावयास जागा नाही. म्हणून तपासणी जमिनीवरच व्हावी लागते. मात्र दाखला आधीच्या तपासणीचा. आजचे वारे आणि टाकीतले इंधन वैमानिकाने स्वतःच पाहावयाचे असते.