गप्प बसायचा अभ्यास



बँकेतली नोकरी सोडून पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात का गेले, हे सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. एकाने तर "आता तू वेड्यांची डॉक्टर का?" असंही विचारून घेतलं. डॉक्टर नाही रे बाबा; गोळ्या मनोविकारतज्ज्ञ देतात. मी समुपदेशनात एम. ए. केलं, तेही गावपातळीवरच्या कामाचं. म्हणजे अर्धा अभ्यास वर्गात आणि अर्धा उपकेंद्रात, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत.

आई म्हणाली, "तुला बोलायला वेगळं शिकायची काय गरज?" शिकावं लागलं ते गप्प बसायला. समोरच्याचं दुसरं वाक्य संपायच्या आत आपला सल्ला तयार असतो: मन रमव, देवाचं नाव घे, लग्न करून टाक. तो सल्ला गिळायचा सराव आम्ही महिनोन्‌महिने केला. दुसरा धडा भाषेचा. "नैराश्य आहे का?" असं विचारलं तर बाई मान हलवून निघून जाते. "झोप लागते का? जेवण जातं का? कशात जीव रमतो का?" असं विचारलं की पदर डोळ्यांना लागतो.

हे काम डॉक्टरच करू शकतात असं नाही. गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांमुळे नैराश्याचे आणि चिंतेचे रुग्ण सावरले, हे २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. आणि गरज किती? निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत.

आपल्या तुकडीतला एक जण आज इथे नाही. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या तेराव्याला एक वाक्य मी तिघा-चौघांकडून ऐकलं: "उदास दिसायचा, पण विचारायची भीती वाटली. विचारलं आणि नसलेलं डोक्यात भरलं तर?" त्या वाक्यापायी मी हा अभ्यास धरला. ही भीती खरी नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं थेट, शांतपणे विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, कीटकनाशकाचा डबा घराबाहेर काढायचा आणि डॉक्टरांकडे सोबत जायचं. पोलिसांच्या भीतीने लपवूही नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

पगार बँकेच्या निम्माही नाही, ते विचारू नका. जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात बसणार आहे. कोणाला बोलायचं असेल तर या. आणि 'टेलि-मानस'चा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं: १४४१६.