तोट्याचा हिशेब कोण मांडतो?

(रेल्वे कामगारांत व प्रवाशांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



एखादा शाखामार्ग बंद करायचा असला की प्रथम त्याचा हिशेब मांडला जातो. गाडीत माणसे किती, तिकिटांचे पैसे किती, इंधन, रूळदुरुस्ती आणि पगार यांवर खर्च किती. आणि मग हा मार्ग आतबट्ट्याचा आहे असा निकाल दिला जातो. हे आकडे बहुधा खोटे नसतात. परंतु कोणते आकडे धरायचे आणि कोणते सोडायचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्याच हाती निकालही असतो. स्कॉटलंडमधील एका लोहमार्गाचे उदाहरण या बाबतीत फार उद्बोधक आहे. त्याचा हिशेब दोनदा मांडला गेला: एकदा तो बंद करताना आणि अर्ध्या शतकाच्या अंतराने तो पुन्हा सुरू करताना.

एडिंबरोहून दक्षिणेस गालाशील्स, मेलरोझ, हॉइक या गावांवरून इंग्लंडच्या हद्दीतील कार्लाइलपर्यंत जाणारा हा मार्ग सुमारे ९८ मैलांचा. त्याचा हॉइकपर्यंतचा भाग १८४९ मध्ये आणि पुढचा १८६२ मध्ये खुला झाला. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून त्याला 'वेव्हर्ली मार्ग' असे नाव पडले. नाव कादंबरीचे असले तरी त्याचे जीवन मात्र लोकरीच्या गिरण्यांवर, मेंढ्यांच्या बाजारांवर आणि एडिंबरोच्या दक्षिणेकडील कोळशाच्या खाणींवर चालत होते. न्यूटनग्रेंज हे तर खाणमजुरांनीच वसलेले गाव. चढ अवघड, वळणे फार, त्यामुळे गाड्या सावकाश चालत. तथापि त्या सीमाभागाला दुसरी आगगाडी नव्हती.

१९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे हुजूरपक्षाच्या सरकारने १९६१ मध्ये रेल्वेचा कारभार रिचर्ड बीचिंग या गृहस्थांकडे सोपवला. ते 'आयसीआय' या बड्या रसायन कंपनीचे संचालक. त्यांचा वार्षिक पगार २४,००० पौंड, म्हणजे त्या वेळच्या पंतप्रधानाच्या पगाराच्या दुपटीहून अधिक. वाहतूकमंत्री होते अर्नेस्ट मार्पल्स. रस्ते व पूल बांधणाऱ्या एका कंपनीचे ते संस्थापक भागीदार होते. रेल्वे मोडीत निघाली तर माल आणि माणसे कोठे जाणार होती हे यावरून कळण्यासारखे आहे. सिमेंट, पेट्रोल आणि मोटारी यांच्या मालकांना त्यासाठी गुप्त कट करण्याची गरज नव्हती. राज्ययंत्रणा त्यांच्या बाजूने विचार करण्यास आधीच सरावलेली होती.

मार्च १९६३ मध्ये बीचिंग अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २,३६३ स्थानके आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस होती. हजारो रेल्वे कामगारांच्या नोकऱ्यांवर त्यातून गदा येणार होती. या शिफारशीमागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. प्रवासी वाहतुकीची मोजणी झाली ती एप्रिल १९६१ मधील एका आठवड्याची. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या गावांना लोटणारी गर्दी त्यात येणार तरी कशी? शाखामार्गावरचा प्रवासी पुढे मुख्य मार्गाच्या गाडीत बसतो आणि तेथेही पैसे मोजतो, याचे मोल फारच कमी धरले गेले. फाटा तोडला तरी लोक बसने किंवा मोटारीने मुख्य स्थानक गाठतील अशी समजूत होती. प्रत्यक्षात ज्याने मोटार घेतली तो मोटारीनेच मुक्कामापर्यंत गेला आणि ज्याला ती घेता आली नाही तो घरी बसला. नाल्यांचे पाणी तोडून नदी भरलेली राहील अशी अपेक्षा करण्यासारखाच हा प्रकार होता.

१९६४ च्या निवडणुकीत मजूरपक्षाने मोठे लोहमार्ग बंद करणे थांबवू असे वचन दिले. हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान झाले. मार्ग बंद होतच राहिले. १९६८ च्या वाहतूक कायद्यात समाजाला आवश्यक, पण तोट्यात चालणाऱ्या मार्गांना सरकारी अनुदान देण्याची तरतूद झाली. ती चांगली होती, आणि तिच्यामुळे काही मार्ग वाचलेही. वेव्हर्ली मार्गाला मात्र तिचा लाभ दिला गेला नाही. त्याच वर्षी मजूरपक्षाचेच वाहतूकमंत्री रिचर्ड मार्श यांनी तो संपूर्ण बंद करण्यास संमती दिली. हेच मार्श पुढे १९७१ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष झाले! सोशल डेमोक्रसीचे हे रूप नवे नाही. विरोधी बाकांवर असताना जो हिशेब तिला अन्यायाचा वाटतो, तोच सत्तेवर आल्यावर शास्त्रीय वाटू लागतो.

लोक स्वस्थ बसले नव्हते. हॉइकच्या मॅज एलियट या गृहिणीने सह्यांची मोहीम चालवली आणि डिसेंबर १९६८ मध्ये ११,६७८ सह्यांचे निवेदन लंडनला पंतप्रधानांच्या निवासस्थानी नेऊन दिले. उपयोग झाला नाही. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री एडिंबरोहून लंडनला जाणारी शेवटची गाडी निघाली. हॉइकला लोकांनी त्या गाडीत वाहतूकमंत्र्यांच्या नावाने एक शवपेटी चढवली. पुढे न्यूकॅसलटन या लहानशा गावी रेल्वेफाटकाच्या दारांना कुलूप घालून गावकरी रुळांवर उभे राहिले. गावच्या पाद्र्याला पोलिसांनी पकडले. गाडीत असलेले लिबरल खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केली. पाद्र्याला सोडायचे आणि लोकांनी बाजूला व्हायचे असे ठरले, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडी पुढे सरकली. त्या गावातून त्यानंतर प्रवासी गाडी गेली नाही.

हा सत्याग्रह शूरपणाचा होता, पण फार उशिरा झाला. प्रत्येक गाव आपापल्या स्थानकासाठी लढत राहिले आणि एकेक करून हरले. रेल्वे कामगारांचा नोकरीचा प्रश्न आणि प्रवाशांचा गाडीचा प्रश्न एकच आहे हे जाणून सर्व मार्गांवर एकजुटीने प्रतिकार उभा राहिला नाही. जो विखुरलेला राहिला तो केवळ निवेदन देऊ शकला.

पुढील काही वर्षांत रूळ उखडले गेले आणि जमिनीचे तुकडे पडू लागले. कोठे घरे झाली, कोठे रस्ता झाला. एडिंबरोच्या बाह्यवळण रस्त्याने तर जुन्या मार्गाला मधोमध छेद दिला. मार्ग बंद झाल्याची हानी गाडी थांबल्याच्या दिवशी दिसते, परंतु जमीन गेल्याची हानी पिढीनंतर कळते. दरम्यान न्यूटनग्रेंजची लेडी व्हिक्टोरिया खाण १९८१ मध्ये बंद झाली. सीमाभागातील कापडगिरण्या आटत गेल्या. तरुण मुले कामासाठी एडिंबरोला जाऊ लागली. आणि तेथे रोज जाऊन-येऊन राहता येईल अशी गाडी नसल्यामुळे ती तिकडचीच झाली. बीचिंग यांच्या ताळेबंदात या स्थलांतराला रकाना नव्हता.

१९९९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची पार्लमेंट मिळाली आणि त्याच वर्षी सीमाभागाच्या रेल्वेसाठी लोकांची संघटना उभी राहिली. तिने पार्लमेंटला १७ हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन दिले. २००६ मध्ये मार्ग पुन्हा बांधण्याचा कायदा संमत झाला. मग खाजगी भांडवलाचा प्रयोग सुरू झाला. खाजगी कंपन्यांनी मार्ग बांधावा, पैसा उभारावा आणि सरकारने त्यांना वर्षानुवर्षे मोबदला द्यावा, अशी योजना होती. तीन गट पुढे आले. त्यांपैकी दोघांनी अंग काढून घेतले आणि २०११ मध्ये ती निविदाच रद्द करावी लागली. अखेर 'नेटवर्क रेल' या सार्वजनिक संस्थेने काम हाती घेतले आणि तडीस नेले. ज्या भांडवलाच्या कार्यक्षमतेचे पोवाडे रोज गायिले जातात, ते निव्वळ जोखीम पाहून मैदान सोडून गेले, ही गोष्ट आजच्या 'सार्वजनिक-खाजगी भागीदारी'च्या दिवसांत पुन्हापुन्हा सांगण्यासारखी आहे.

६ सप्टेंबर २०१५ रोजी एडिंबरो ते ट्वीडबँक असा सुमारे ३५ मैलांचा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. त्यातला ३० मैलांचा भाग नव्याने बांधलेला, त्यावर सात नवी स्थानके. पहिल्या महिन्यात सुमारे १ लाख २६ हजार प्रवास झाले आणि पहिल्या वर्षात साडेबारा लाखांहून अधिक. गालाशील्स आणि ट्वीडबँक येथे तज्ज्ञांचे अंदाज कित्येक पटींनी चुकले. एडिंबरोच्या जवळच्या काही स्थानकांवर मात्र सुरुवातीला अपेक्षेहून कमी माणसे आली, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या बाजूचे आकडे तेवढे उचलणे म्हणजे बीचिंग यांचीच पद्धत झाली. पण सर्वांत मोठी चूक सर्वांत दूरच्या टोकाला झाली. जेथे लोकांना गाडीची निकड अधिक, तेथेच कागदावर मागणी कमी दिसत होती. जी गाडी नाही तिची मागणी मोजणार कशी?

या विजयातही काटकसरीने पाचर मारलीच. खर्च वाचवण्यासाठी ३० मैलांपैकी जेमतेम साडेनऊ मैल दुहेरी मार्ग झाला, बाकी एकेरी. कित्येक पूलही एकेरी मार्गापुरतेच बांधले. एका गाडीला उशीर झाला की समोरची गाडी खोळंबते, आणि अधिक गाड्या सोडायच्या म्हटले तर जागा नाही. आणि हॉइक? सह्यांचे निवेदन जेथून निघाले त्या हॉइकला गाडी अजून पोचलेलीच नाही. ट्वीडबँकपुढे आजही रूळ नाहीत. तेथील लोकांची चळवळ चालू आहे.

हे सारे दूरदेशीचे वाटण्याचे कारण नाही. मार्च २०२० मध्ये महामारीच्या टाळेबंदीत भारतातील सर्व प्रवासी गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू करताना अनेक साध्या 'पॅसेंजर' गाड्यांना 'स्पेशल' वा 'एक्सप्रेस' म्हणून चालवण्यात आले आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. डबे तेच, वेग तोच. दूध, भाजी, मजुरी यांसाठी दोन-तीन स्थानके जाणाऱ्या माणसाला हा तिप्पट दंड चार वर्षे भरावा लागला. २०२४ च्या आरंभी, निवडणुका जवळ आल्या असता, तो मागे घेण्यात आला. त्याच काळात, २०२० च्या अखेरीस, गुजरातमधील अनेक शाखामार्ग परवडत नाहीत म्हणून कायमचे बंद करण्याचे ठरत होते. त्यात बिलिमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा अरुंद मार्ग होता. गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १९१३ साली सुरू झालेला हा मार्ग डांगच्या जंगलापर्यंत जातो. अवघ्या १५ रुपयांत ही गाडी आदिवासींना बाजाराला, कामाला, दवाखान्याला नेत असे. तेथील लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. ती वाचली, कारण रूळ अजून जागेवर होते आणि लोक ते उखडण्यापूर्वीच उठले.

वऱ्हाडातील 'शकुंतला' मात्र थांबलेली आहे. यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर हा अरुंद मार्ग ब्रिटिश किलिक-निक्सन कंपनीने स्थापलेल्या कंपनीच्या मालकीचा होता; वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि पुढे विलायतेला पोचवणे हे त्याचे मूळ काम. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही हा मार्ग त्यातून सुटला. साहेब गेला, मालकी उरली, आणि तिच्या आडोशाने रूळदुरुस्ती वर्षानुवर्षे रखडली. गाडी इतकी मंदावली की लोकच तिला सोडून गेले, आणि मग लोक बसत नाहीत हेच ती न चालवण्याचे कारण झाले. मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली आहे. अचलपूर-मुर्तिजापूरचे लोक त्यासाठी आंदोलने करीत आले आहेत.

अशा प्रत्येक मार्गावर तातडीचे काम जमिनीचे आहे. गाडी बंद असली तरी रुळांखालची पट्टी, स्थानकांची आवारे, पुलांचे खांब यांतील एक हातही विक्रीला वा भाडेपट्ट्याला जाऊ नये, ही मागणी गावोगावच्या ग्रामसभांच्या ठरावांतून आली पाहिजे. दुसरे काम वेळापत्रकाचे. शाळा, बाजार, कचेरी आणि कारखान्याची पाळी यांना न जुळणारी गाडी सोडून ती रिकामी धावते असे दाखवणे फार सोपे असते. तेव्हा कोणत्या गावातून किती माणसे किती वाजता कोठे जातात, याची मोजणी शाखांनी स्वतः करावी. आठवडी बाजाराच्या दिवशी करावी, सुगीत करावी आणि पावसाळ्यात रस्ते तुटतात तेव्हाही करावी. तिच्यात रेल्वेचे ट्रॅकमन, गार्ड आणि तिकीटबाबू सहभागी असतील, तर रेल्वे प्रशासनासमोर दुसरा हिशेब ठेवता येईल.