बोंडाला चिरा पडल्या तर पाजणं थांबवू नका, धरणं बदला

(लोकसंचालित साधन केंद्राच्या ऑगस्ट महिन्याच्या बैठकीत उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने केलेले भाषण. बोलल्या तसेच छापले आहे.)

बँकेचे साहेब गेले ना? मग मोकळेपणाने बोलते.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीला लावा, सहा महिने फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीसुद्धा नको, हे आम्ही सांगतो आणि तुम्हाला ते पाठ आहे. पण पाजताना जे दुखतं, बोंडाला चिरा पडतात, रक्त येतं, त्याच्यावर कुणी बोलत नाही. बाळंतीण लाजेपायी सांगत नाही. सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "आम्हीपण सोसलं, होतं सवयीनं." आणि पाचव्या-सहाव्या दिवशी घरात बाटली येते.

मागच्या वर्षी आशाताईने मला एका घरी बोलावलं. पहिलटकरीण, माहेरी आलेली, सहावा दिवस. दोन्ही बोंडं फाटलेली. बाळ रडलं की पोरगी आधीच डोळ्यांत पाणी आणायची. फळीवर पावडरचा डबा मांडून ठेवलेला, भावाने आणलेला. आजी म्हणाली, "पोरीची कातडी नाजूक, पोराचा जबडा कडक." मी म्हटलं, माझ्यासमोर पाज बघू. बघितलं तर बाळ उताणं, मान तेवढी वळवलेली, आणि तोंडात नुसतं बोंड. कातडी तशीच होती, जबडाही तोच होता. धरणं चुकलेलं होतं.

का दुखतं ते सांगते. आत्ता सगळ्यांनी जीभ टाळूला लावा. लाजू नका, लावा. दातांच्या मागे कडक लागतं, आणि जीभ मागे नेली की मऊ लागतं. बाळाचंही तसंच असतं. नुसतं बोंड तोंडात असलं की ते जीभ आणि कडक टाळूच्या मध्ये घासतं. दिवसातून आठ-बारा वेळा पाजायचं, दर वेळी घासायचं, मग चिरा पडणारच. बोंडासकट भोवतीचा काळा भाग तोंडात गेला, तर बोंड मागच्या मऊ जागेपर्यंत पोचतं आणि घासत नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणी धारा काढतात. अंगठा मुडपून सड ओढला की गाय लाथ मारते, सडाला इजा होते. मूठ भरून धरलं तर गपगुमान उभी राहते आणि दूधही जास्त उतरतं. बाळाचं तोंडही असंच भरलेलं पाहिजे.

आता कसं धरायचं. आईने आधी पाठ टेकून बसायचं. वाकून पाजलं की कंबर तर जातेच, बोंडही ओढलं जातं. बाळ पूर्ण कुशीवर घ्यायचं, पोटाला पोट, कान-खांदा-कंबर एका रेषेत. उजव्या बाजूला पाजायचं असेल तर डाव्या हाताने बाळ धरायचं, म्हणजे मानेखाली पंजा येतो आणि डोकं आपल्या ताब्यात राहतं. बाळाचं नाक बोंडासमोर आणा आणि बोंड वरच्या ओठाला हलकेच लावत राहा. ते जांभई दिल्यासारखं मोठ्ठं तोंड उघडेपर्यंत थांबायचं. इथेच सगळ्या घाई करतात. तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाच्या तोंडात कोंबायची नाही. आधी हनुवटी टेकली पाहिजे. नीट लागलं असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, गाल फुगीर राहतात, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतो, आणि गिळल्याचा आवाज येतो. गालाला खळ्या पडत असतील, चुटूचुटू आवाज येत असेल, तर काढा आणि परत लावा. काढताना ओढू नका. धुतलेली करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, पकड आपोआप सुटते.

त्या पोरीला तीन वेळा लावावं लागलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "पहिल्यांदा जरा कळ आली, आता नुसती ओढ लागतेय." पहिल्या काही दिवसांत सुरुवातीची थोडी कळ चालते. पाजणं संपेपर्यंत दुखत असेल तर चालत नाही. आणखी एक खूण सांगते. बाळाने सोडल्यावर बोंड बघा. पहिल्यासारखं गोल असेल तर बरोबर आहे. चपटं, तिरकं, टोकाला पांढरं पडलेलं असेल तर धरणं चुकलंय.

आता चिरा पडल्याच असतील तर काय? पाजणं चालू ठेवायचं, धरणं सुधारायचं. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा, भुकेलं बाळ पहिल्यांदाच जोरात ओढतं. पाजून झाल्यावर शेवटचं घट्ट दूध दोन थेंब काढून बोंडाला लावा आणि वाऱ्यावर वाळू द्या, लगेच झाकू नका. आतून सुती कपडा घाला, ओला झाला की बदला. बोंडं रोज अंघोळीच्या साध्या पाण्याने धुतली की झालं. साबण नको, डेटॉल नको, प्रत्येक पाजण्याआधी घासून पुसणं तर मुळीच नको. हळद, चुना, टूथपेस्ट, मेडिकलवाल्याने दिलेलं कुठलंही मलम चिरेत भरू नका, ते सगळं बाळाच्या पोटात जातं. दुधातून थोडं रक्त गेलं तर बाळाला अपाय नाही. पण बाई एआरटीच्या गोळ्यांवर असेल तर चीर दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, तिथे वाट बघायची नाही.

अगदीच सहन होत नसेल तर त्या बाजूचं दूध हाताने काढा आणि उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. दूध काढलं नाही तर छाती तटतटते, बाळाला पकडता येत नाही, आणि दुखणं वाढतं. तटतटलेली असेल तर पाजण्याआधी थोडं दूध पिळून काळा भाग मऊ करून घ्या. बाटली नको. बाटलीच्या रबराला मोठं तोंड उघडावं लागत नाही, मग बाळ इथेही तसंच ओढतं.

डब्याचं म्हणाल तर, चारशे ग्रॅमचा डबा महिन्याच्या बाळाला आठवडाभरही पुरत नाही. मग पुरवायला म्हणून पातळ करतात, पाणी कुठलं ते देवाला ठाऊक, आणि बाळाला जुलाब लागतात. इकडे छातीला बाळ न लावल्याने दूध आटतं. या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. गटातून अंतर्गत कर्ज काढून डबे आणलेले मी बघितलेत, म्हणून बोलते.

काही दुखणी धरणं सुधारून जात नाहीत. आधी नीट चाललेलं असताना एकदम आग व्हायला लागली आणि बाळाच्या जिभेवर, गालाच्या आत पुसून न निघणारे पांढरे चट्टे दिसले, तर ती बुरशी. आई आणि बाळ दोघांना औषध लागतं. टाकणखार आणि मध चोळायचा नाही. टाकणखार बाळाला विषारी आहे, आणि वर्षाच्या आत मध द्यायचाच नसतो. छातीचा एखादा भाग लाल, गरम, कडक झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर तो स्तनदाह, आपल्या गाईला दगडी होते तसा. त्याच दिवशी दवाखान्यात जा. तेव्हाही पाजणं बंद करायचं नाही. दूध तुंबलं की पू धरतो. आणि सगळं नीट करूनही बोंड चपटंच होत असेल तर बाळाची जीभ खालून चिकटलेली आहे का, ते डॉक्टरांना बघायला सांगा.

सासवांना एक सांगते. आशाताई बाळंतीण घरी आल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. ती आली की चहा द्या, पण आधी तिच्यासमोर सुनेला पाजायला बसवा. घरातल्या पुरुषांना तेवढा वेळ ओसरीवर पाठवा. तिसऱ्या दिवशी धरणं सुधारलं तर चीर पडतच नाही.

मी टॉवेलची गुंडाळी करून बाळ केलंय. ज्यांच्या घरात बाळंतीण आहे किंवा नववा महिना चालू आहे, त्या आधी पुढे या. डाव्या हातात धरून दाखवा मला.