पारध्यांची बोली

श्रीगोंदे, कर्जत आणि जामखेड हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके. येथील माळरानांवर, गावापासून थोडे अंतर राखून, फासेपारध्यांची पाले आढळतात. बाजारात पारधी मराठी बोलतो. पालात परतला की त्याची भाषा पालटते. शेजाऱ्यास ती उमगत नाही, आणि जे उमगत नाही त्याविषयी मनुष्याचे मन लवकर साशंक होते. त्यामुळे ही चोरांची सांकेतिक भाषा होय, असा समज पसरला. तो सर्वस्वी चुकीचा आहे.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात पारध्यांची बोली भिल्ली भाषांच्या पंक्तीस बसविलेली आहे. मराठीत जेथे ‘चा-ची-चे’ येते, तेथे गुजरातीत ‘नो-नी-नुं’ येते. पारध्यांची बोली या दुसऱ्या वळणाची आहे. उत्तरेकडील बावरी ही तिची नातलग, आणि दूर तामिळनाडूतील नरिकुरवांची वागरी ही दुसरी. चहूकडे तमिळ चालू असता नरिकुरवांनी घरात आर्यकुळातील भाषाच जपली. तात्पर्य, या बोलींत कसले गुपित दडलेले नसून शिकारीमागे देशभर हिंडलेल्या लोकांच्या प्रवासाची खूण आहे.

तथापि १८७१ च्या कायद्याने काही जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा पायंडा पाडला. पुढे पारधीही या शिक्क्यातून सुटले नाहीत. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि आज महाराष्ट्रात पारध्यांची गणना अनुसूचित जमातींत होते. कागदावरील कलंक पुसला गेला. लोकांच्या मनातील मात्र पुरता गेला नाही.

दरम्यान भाषेचा जुना आधारही सुटत आहे. फास लावून तितर, लावे, ससे धरणे हा या लोकांचा परंपरागत धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस बंदी आली. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. प्राण्यांचे रक्षण योग्यच. परंतु धंदा गेला की त्याचे शब्दही वापरातून जातात.

पारध्याचे मूल प्रथम शाळेत येते तेव्हा घरची बोली तेवढी त्याच्याजवळ असते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगत आहे. पहिल्या दिवशी ते मूल गप्प बसले, तर त्यास मंद ठरविण्याची घाई होऊ नये. गुरुजींनी त्याच्या बोलीतील चार शब्द शिकून घेतले, तर मराठीचे चारशे शब्द ते आनंदाने शिकेल.